वृत्तविद्या शिकवता येते काय?



दर वर्षी उन्हाळा सरत आला की बारावीचा निकाल लागतो आणि घरोघर एक छोटीशी परिषद भरते. वडील हिशेबाची वही काढतात, मामा सल्ला देतात, आजी नातीच्या तोंडाकडे पाहत बसते. पूर्वी या परिषदेपुढे वैद्यक, स्थापत्य, वाणिज्य आणि वकिली असे चारच प्रस्ताव असत. अलीकडे त्यांत पाचव्याची भर पडली आहे. मुलगी म्हणते, "मी मास मीडियाला जाणार." क्षणभर कोणी बोलत नाही. मग वडील विचारतात, "म्हणजे तू टीव्हीवर दिसणार का?" आणि मामा म्हणतात, "अगं, बातम्या लिहायला कॉलेज कशाला लागतं? टिळक-आगरकरांनी कुठे वृत्तपत्राची पदवी घेतली होती?"

हे दोन्ही प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. वडिलांच्या प्रश्नात या शिक्षणाविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमज आहे, तर मामांच्या प्रश्नात एक जुना आणि विचार करण्याजोगा आक्षेप आहे. त्या दोहोंचा परामर्श घ्यावा, एवढाच आजचा हेतू. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे ऐकताना ते पारखून घेता येईल. या विद्येचा गाभा तपासण्यात आहे. बोलण्यापूर्वी 'हे खरे आहे काय?' हे तपासायचे आणि बोलून झाल्यावर 'हे पोहोचले काय?' हे तपासायचे. बाकीची सारी कौशल्ये या दोन कसोट्यांच्या मागून येतात. आणि या कसोट्या आज केवळ वार्ताहराच्या राहिलेल्या नाहीत, त्या तुमच्याआमच्याही झाल्या आहेत. त्या कशा, ते शेवटी पाहू.

जुना आक्षेप

वृत्तपत्राचा धंदा शाळेत शिकवता येत नाही, तो कचेरीत शाई अंगावर उडवून घेऊनच शिकावा लागतो, हे मत आपल्याकडचेच आहे असे नाही. अमेरिकेतील जोसेफ पुलित्झर हा हंगेरीतून आलेला स्थलांतरित तरुण स्वतःच्या हिमतीवर वृत्तपत्रांचा धनी झाला. त्याने १८९२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाला वृत्तविद्येच्या शाळेसाठी पैसा देऊ केला, तेव्हा विद्यापीठाने तो नाकारला. असल्या धंद्याला विद्यापीठात काय स्थान, हाच तो आक्षेप. पुढे १९०३ मध्ये करार झाला. पण शाळा उघडली ती पुलित्झरच्या मृत्यूनंतर, १९१२ साली. दरम्यान मिसुरी विद्यापीठाने १९०८ मध्येच असे विद्यालय काढून बाजी मारली होती. तेथील शिक्षणाची तऱ्हा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वर्ग सुरू झाले त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी चालवलेल्या खऱ्याखुऱ्या वृत्तपत्राचा पहिला अंकही निघाला. पोहणे शिकवायचे तर मूल पाण्यात उतरले पाहिजे, आणि काठावर जाणता माणूस उभा पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्या देशात अलीगढला १९३८ साली असा अभ्यासक्रम निघाला, पण तो फार काळ टिकला नाही. १९४१ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात वर्ग सुरू झाले. महाराष्ट्राच्या दृष्टीने पाहिले तर नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाने १९५२ साली हा विषय आणला आणि पुणे विद्यापीठाचा वृत्तविद्या विभाग १९६४ साली सुरू झाला. रानडे इन्स्टिट्यूट या नावाने तो पुणेकरांना अधिक परिचित आहे. चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था १९६० मध्ये पुण्यातच, प्रभात कंपनीच्या जुन्या आवारात निघाली. दिल्लीला १९६५ साली भारतीय जनसंचार संस्था स्थापन झाली. आरंभी हे शिक्षण बहुधा पदवीनंतरचे, वर्षा-दोन वर्षांचे असे. बारावीनंतर थेट तीन वर्षांची पदवी, ही प्रथा मुंबई विद्यापीठाच्या मास मीडियाच्या अभ्यासक्रमामुळे आपल्याकडे रुळली, आणि आता तालुक्याच्या गावांतही तिचे वर्ग भरतात.

एकशे एक दिवसांचा धडा

आता मामांच्या प्रश्नाकडे वळू. टिळक-आगरकरांनी वृत्तपत्राची पदवी घेतली नव्हती, हे खरे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढला तेव्हा अशी पदवी जगात कोठेच नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० च्या जानेवारीत 'मूकनायक' सुरू केला, तो काही अभ्यासक्रम पुरा करून नव्हे. परंतु ही मोठी माणसे काही शिकलीच नाहीत असे मात्र नाही. ती कशी शिकली आणि त्यासाठी त्यांना काय मोजावे लागले, ते पाहावे.

'केसरी' आणि 'मराठा' १८८१ च्या जानेवारीत निघाले. वर्ष पुरे होते न होते तोच कोल्हापूरचे प्रकरण उपस्थित झाले. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वाईट रीतीने वागवले जात आहे, अशा वार्ता पुण्यास येत होत्या आणि लोकांची मने प्रक्षुब्ध झाली होती. अशा वेळी संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांनी लिहिली म्हणून काही पत्रे या दोन पत्रांच्या चालकांच्या हाती आली. हेतू निर्मळ, महाराजांविषयी कळकळ खरी. लेख प्रसिद्ध झाले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि ती पत्रे बनावट असल्याचे खटल्यात दिसून आले. दिलगिरी व्यक्त करूनही टिळक आणि आगरकर यांना १८८२ साली चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून एकशे एक दिवस ते मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात होते. आगरकरांनी या दिवसांवर पुढे एक पुस्तिका लिहिली, ती आजही वाचली जाते.

ही हकीकत आम्ही त्या थोर पुरुषांना कमीपणा आणण्यासाठी सांगत नाही. त्यांची बुद्धी, त्यांचे धैर्य आणि त्यांचा त्याग यांविषयी शंका कोण घेईल? प्रश्न असा की, इतक्या तल्लख माणसांनाही जो फटका बसला तो कशामुळे? कागद हाती आला, तो आपल्या मनात आधीपासून असलेल्या संशयाशी जुळला, आणि जुळला म्हणून खरा वाटला. आज कोणत्याही बऱ्या महाविद्यालयात पहिल्याच वर्षी शिकवतात की, हाती आलेला कागद हा पुरावा नव्हे. तो कोणी दिला, का दिला, मूळ प्रत कोठे आहे, अक्षर ओळखणारा दुसरा कोणी आहे काय, आणि ज्याच्याविरुद्ध तो आहे त्याला विचारले काय, हे पाच प्रश्न पुरे झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. जो धडा त्यांना एकशे एक दिवसांच्या तुरुंगवासाने मिळाला तो आज एका तासात मिळू शकतो. विद्या म्हणजे दुसरे काय? मागच्यांनी सोसलेल्या चुकांची पुढच्यांसाठी बांधून ठेवलेली शिदोरी.

बातमीची कसोटी

वर्गात प्रत्यक्ष काय चालते, याचा एक नमुना सांगतो. शिक्षक फळ्यावर एवढेच लिहितात, 'शहरात पाणीकपात', आणि यावर बातमी लिहून आणा म्हणतात. विद्यार्थी घरी जाऊन झोकात लिहितो, 'पाण्यासाठी नागरिकांचे अतोनात हाल.' दुसऱ्या दिवशी शिक्षक तांबडी पेन्सिल घेऊन बसतात. किती नागरिक? कोणत्या पेठेतले? 'अतोनात' हे तुम्ही पाहिले की ऐकले? धरणात आज पाणी किती, गेल्या वर्षी याच दिवशी किती? हा आकडा कोणी दिला? कपात किती दिवस? ज्याच्या घरी टाकी नाही त्याने काय करायचे? विद्यार्थ्याच्या ध्यानात येते की, आपण बातमी लिहिलीच नाही. आपण आपली समजूत लिहिली. तो पाणीपुरवठा कचेरीत जातो, दोन गल्ल्या फिरतो, टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बायांशी बोलतो, आणि परत येऊन बारा ओळी लिहितो. त्या बारा ओळी मात्र वाचणाऱ्याच्या उपयोगी पडतात.

या अभ्यासातून त्याला तीन खण वेगळे ठेवण्याची सवय लागते: घडले काय, कोण काय म्हणाले, आणि मला काय वाटले. घडलेले सरळ सांगावे, म्हटलेले म्हणणाऱ्याच्या नावासह सांगावे, आणि वाटलेले असेल तर त्यास अग्रलेखाची वेगळी जागा आहे. 'पोलिसांनी सांगितले' हे दोन शब्द कंटाळवाणे वाटतात, पण त्या दोन शब्दांवर एखाद्याची अब्रू टांगलेली असते. संशयित, आरोपी आणि दोषी हे तीन शब्द बोलताना आपण एकमेकांच्या जागी वापरतो. वार्ताहराने तसे केले तर न्यायालयाच्या आधी त्याने निकाल देऊन टाकला असे होते. म्हणून कायदाही शिकावा लागतो. घटनेच्या अनुच्छेद १९ ने भाषणस्वातंत्र्य दिले आणि त्याच अनुच्छेदाने त्याच्या मर्यादाही सांगितल्या. अब्रुनुकसानीचे कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ३५६ क्रमांकाने आले आहे. न्यायालयाच्या अवमानाचा १९७१ चा कायदा आहे. बलात्काराला बळी पडलेल्या स्त्रीची किंवा गुन्ह्यात सापडलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. आणि याच्या उलट बाजूस, सरकारी कागद मागण्याचा हक्क देणारा २००५ चा माहितीचा अधिकारही आहे. अर्ज कसा लिहावा, अपील कोठे करावे, हे विद्यार्थ्याकडून करवून घेतले जाते. यातले काय केवळ वार्ताहरालाच उपयोगी आहे, सांगा बरे!

सांगितले म्हणजे पोहोचले काय?

येथवर आपण वृत्तविद्येचे बोललो. परंतु या पदवीच्या नावात दुसराही एक शब्द असतो: संज्ञापन, किंवा जनसंवाद. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. एकाच्या मनातली गोष्ट दुसऱ्याच्या मनापर्यंत जाणे, ती जाताना वाटेत काय होते आणि पोहोचल्यावर काय होते, याचा अभ्यास म्हणजे संज्ञापन. अमेरिकेतील हॅरॉल्ड लासवेल या पंडिताने १९४८ साली या अभ्यासाचे पाच प्रश्न मांडून दिले: कोण सांगतो, काय सांगतो, कशाच्या द्वारे सांगतो, कोणाला सांगतो आणि त्याचा परिणाम काय होतो. त्याच वर्षी क्लॉड शॅनन या टेलिफोन कंपनीतल्या गणितज्ञाने संदेशाच्या वाटेत जो गोंगाट मिसळतो त्याचे गणित मांडले. तारेतली खरखर हा एक गोंगाट झाला. पण ऐकणाऱ्याच्या मनातला पूर्वग्रह, अनोळखी शब्द, सांगणाऱ्याविषयीचा अविश्वास, हेही गोंगाटच, असे पुढच्या अभ्यासकांनी त्यावरून म्हटले.

फार काळ लोकांची अशी समजूत होती की, वृत्तपत्र किंवा रेडिओ म्हणजे पिचकारी. इकडून दाबली की तिकडे रंग उडालाच. १९४० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील एका परगण्यात मतदारांना महिनोन्महिने पुन्हापुन्हा भेटून चौकशी केली. तेव्हा दिसले ते निराळेच. वृत्तपत्रे आणि रेडिओ यांनी मत बदललेली माणसे थोडीच निघाली. घरच्या, शेजारच्या, कामावरच्या माणसांच्या बोलण्याचा परिणाम त्याहून अधिक होता. ज्याला आपण पारावरचा जाणता माणूस म्हणतो तो रेडिओ ऐकतो, वृत्तपत्र वाचतो, आणि मग त्याच्या तोंडून ती गोष्ट इतरांच्या गळी उतरते.

हे सारे परदेशचे झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून आता आपल्या घरचा दाखला देतो. तो जगभरच्या या विषयाच्या अभ्यासात नावाजलेला आहे, आणि आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने एक प्रयोग केला. कॅनडामध्ये १९४१ पासून शेतकऱ्यांचे रेडिओ-मेळावे भरत. तीच कल्पना येथे लावून पाहायची होती. पाच जिल्ह्यांतली दीडशे मराठी गावे निवडली. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे एक मंडळ केले. त्याला एक अध्यक्ष, एक चिटणीस. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावच्या कारभाराचे. येथपर्यंत नवल काही नाही. गावचा रेडिओ तेव्हाही असे. नवी गोष्ट पुढची. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि मंडळाने ऐकलेल्यावर बोलायचे. हे आपल्या गावात जमेल काय? खत कोठून आणायचे? खर्च कोणाचा? चिटणिसाने चर्चेचा सारांश आणि शंका लिहून पुण्यास धाडायच्या आणि पुढच्या कार्यक्रमात केंद्राने त्यांना उत्तरे द्यायची.

या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरथ यांनी केली. त्यांनी मंडळे असलेल्या गावांबरोबर आणखी दोन प्रकारची गावे घेतली: रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. आधी आणि नंतर तेच प्रश्न विचारून ज्ञान किती वाढले ते मोजले. मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ ठळक दिसली. आणि जेथे रेडिओ होता पण एकत्र बसून बोलणे नव्हते, तेथे ती वाढ त्या मानाने फारच थोडी. कार्यक्रम तोच, आवाज तोच, भाषा तीच. फरक एवढाच की एके ठिकाणी ऐकणाऱ्याला तोंड होते. पुढे १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. नेताना तिच्यातला जीव किती ठिकाणी टिकला हा निराळा विषय आहे. मंडळाकडून उत्तर येण्याची वाट ज्या ठिकाणी कोणी पाहत नाही तेथे तो टिकत नाही, एवढे कळायला पंडित लागत नाही.

आज सातारा जिल्ह्यात, म्हसवडसारख्या दुष्काळी भागात, २००८ पासून 'माणदेशी तरंग' हे लोकांचे आकाशवाणी केंद्र चालले आहे. तेथे गावचीच माणसे सूक्ष्मध्वनिक्षेपकापुढे बसतात. एका अर्थी १९५६ च्या त्या चिटणिसाच्या पत्राला आता आवाज फुटला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. या विद्येच्या विद्यार्थ्याने टीव्हीवर दिसण्याचे स्वप्न पाहावे, आमची ना नाही. पण अशा केंद्रात, एखाद्या रुग्णालयाच्या माहिती-खिडकीवर, शेतीखात्याच्या पत्रिकेत, पुराच्या वेळी जिल्हाधिकारी कचेरीत, जेथे सांगितलेले पोहोचण्यावर माणसाचे बरेवाईट अवलंबून असते, तेथेही या विद्येचे काम आहे आणि तेथे ती जाणणारी माणसे कमी आहेत. वडिलांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर हे.

कापलेले शेपूट

लेखणीनंतर चित्र. दुसऱ्या वर्षी विद्यार्थी चित्रफीत घेणे आणि संपादणे शिकतो. हे यंत्राचे काम आहे, असे वरवर वाटते. खरे तर ते नीतीचे काम आहे. दोन दृश्ये एकापुढे एक ठेवली की पाहणारा त्यांतून तिसरा अर्थ स्वतःच काढतो. रडणारे मूल आणि मागून येणारा मनुष्य असा क्रम लावला तर तो मनुष्य दुष्ट ठरतो. क्रम उलटा लावला तर तो मुलाला समजवायला आलेला वाटतो. आणि शेवट कापला तर काहीही होते.

त्याचा एक दाखला सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. कराचीतील एका स्वयंसेवी संस्थेने मुले पळवली जाण्याविषयी जागृती व्हावी म्हणून एक छोटी चित्रफीत केली होती. तीत मोटारसायकलवरून आलेले दोघे खेळणाऱ्या मुलांतून एकाला उचलून नेतात, थोड्या वेळाने परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवण्याविषयीचा फलक दाखवतात. कोणीतरी त्यातले परत येणे आणि तो फलक कापून टाकला. उरले ते केवळ अपहरण. २०१८ साली हे शेपूट कापलेले चित्र, आणि त्याच्याबरोबर इतर कितीतरी खोटे संदेश, आपल्या देशात अनेक भागांत हातातल्या फोनवरून फिरत होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा, पुढे पाठवा.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. त्या दिवशी तेथे आठवडी बाजार होता. बहुतांशी सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण भिक्षा मागत तेथे आले होते. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त झाल्याचे त्या वेळच्या वृत्तांतून आले. जमावाने त्यांना मुले पळवणारे ठरवले, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि मारून टाकले. पाचही जण मेले. दारोदार फिरून पोट भरणाऱ्या माणसांची ती हत्या होती, आणि ती करणारांपैकी कितीकांना त्या क्षणी आपण मुलांचे रक्षण करीत आहोत असे वाटत असेल, ही त्यातली अधिकच भयंकर गोष्ट.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवण्यास आरंभ केला आणि एका वेळी पाच ठिकाणांहून अधिक ठिकाणी संदेश पाठवण्यास बंधन घातले. बंधन ठीक आहे. पण पाच ठिकाणी पाठवलेला खोटा संदेश पुढच्या खेपेस पंचवीस ठिकाणी आणि त्याच्या पुढच्या खेपेस सव्वाशे ठिकाणी जातो. यंत्राने गाठ मारता येते. थांबायचे की नाही हे अंगठ्याच्या मालकालाच ठरवावे लागते.

मन वळवण्याची विद्या

या अभ्यासक्रमात जाहिरात आणि जनसंपर्क हेही विषय असतात, आणि पुष्कळसे विद्यार्थी पोटापाण्यासाठी तिकडेच वळतात. त्यात कमीपणा काही नाही. लस टोचून घ्या, हेही मन वळवणेच आहे. मात्र एक गोष्ट लपवता कामा नये. ज्या विद्येने बातमी तपासता येते तिच्याच शेजारच्या वर्गात बातमीसारखी दिसणारी जाहिरात करण्याचीही युक्ती कळते. २००९ च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न एवढा गाजला की प्रेस कौन्सिलला त्यावर २०१० साली अहवाल काढावा लागला. वाचणारा बातमी समजून वाचतो आणि कोणीतरी तिचे पैसे मोजलेले असतात, ही फसवणूक दुधात पाणी घालण्यासारखीच. दुधाच्या पाण्याने पोट बिघडते, या पाण्याने मत बिघडते. म्हणून नीतीचा तास परीक्षेपुरता न ठेवता प्रत्येक विषयात मुरलेला असावा लागतो. तसा तो सगळीकडे असतोच, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

पालकांनी काय विचारावे?

तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी काय पाहावे? काचेच्या भिंती आणि झगझगीत स्टुडिओ पाहून भुलू नये. चार साधे प्रश्न विचारावेत. पहिला, विद्यार्थी वर्षातून किती वेळा वर्गाबाहेर जाऊन लिहितात आणि लिहिलेले कोण तपासते? तांबड्या खुणांनी भरलेली एखादी वही दाखवा, असे म्हणावे. वही निघाली तर महाविद्यालय चांगले. दुसरा, त्यांचे स्वतःचे भित्तिपत्र, पाक्षिक, रेडिओ किंवा वृत्तस्थळ आहे काय, आणि त्यात महाविद्यालयाविषयीची तक्रार कधी छापली गेली आहे काय? तिसरा, ग्रंथालयात जुन्या वृत्तपत्रांच्या बांधीव फायली आहेत काय, आणि त्यांवरची धूळ झटकलेली आहे काय? चौथा, मराठीचे काय? इंग्रजी यावे, यावेच. पण ज्या माणसांविषयी लिहायचे ती मराठी, अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलत असतील आणि विद्यार्थ्याला त्यांचे बोलणे कळत नसेल, तर तो त्यांच्या नावाने दुसरेच काहीतरी लिहील. आपल्याच भाषेत चार वाक्ये नेमकी लिहिता येणे ही या धंद्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मीळ गोष्ट आहे.

मुलांनाही एक सांगणे आहे. या वाटेने गेलेल्यास आरंभी पगार बेताचा, कामाचे तास वेळीअवेळी, आणि अलीकडे नोकरीची शाश्वतीही थोडी, हे मनाशी धरून यावे. बातमीचा मजकूर जुळवून देणारी यंत्रे आता निघाली आहेत. नुसते शब्द जुळवणे एवढेच जो शिकेल त्याला त्यांची भीती आहे. टँकरच्या रांगेत जाऊन उभे राहणे यंत्राला जमत नाही. तेथे जो जाईल त्याचे काम राहील.

शेवटी

आरंभी आम्ही म्हटले होते की या कसोट्या आता तुमच्याआमच्याही झाल्या आहेत. पूर्वी छापखाना एकाचा असे, वाचणारे हजार असत. संपादकाने चूक केली तर तो तुरुंगात जाई, जसे ते दोघे डोंगरीस गेले. आज येथे बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे, आणि संपादक मात्र कोठेच नाही. मुलांना तीन वर्षे महाविद्यालयात जे शिकवतात त्यातले तीन प्रश्न तरी आपण प्रत्येकाने पाठ करावेत: हे प्रथम कोणी सांगितले? याच्या आधीचे आणि नंतरचे काय कापले आहे? हे खोटे निघाले तर कोणाचे नुकसान होईल? या तिसऱ्या प्रश्नापाशी राईनपाड्याच्या बाजारात कोणी दहा मिनिटे थांबला असता, तर ते पाच जण घरी परत गेले असते.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी ही प्रथा उचलली. व्याख्यानाला येणारा मनुष्य समोरासमोर बसतो, वक्त्याचा चेहरा पाहतो, न पटल्यास उठून विचारतो आणि घरी जाताना शेजाऱ्याशी वाद घालतो. दीडशे गावांतल्या त्या मंडळांनी दुसरे काय केले होते? ऐकले, बोलले, विचारले. तेव्हा आमचे बोलणे येथे संपत असले तरी ते पोहोचले की नाही हे अजून ठरायचे आहे. ते ठरवणे आपल्या हाती आहे. आता आपण विचारावे आणि आम्ही ऐकावे.